इंजिनाच्या मागचं दार

१९९९ साली गुलाबनं देवरीत हायवेला लागून जागा घेतली, तेव्हा मागचं दार उघडत होतं. कुसुमबाई घरात पहिल्यांदा आली तीच त्या दारातून, कारण पुढं शटर बसवायचं काम चाललं होतं. कडेवर लोकेश, हातात पाण्याचा गुंड आणि पदर धरून मागं रंजिता. जागा अरुंद आणि लांब होती. रस्त्यावर शटर, शटरच्या आत गॅरेज, गॅरेजच्या मागं राहायची एक खोली, खोलीच्या मागं टीचभर आंगण आणि आंगणाच्या भिंतीत ते दार. दाराबाहेर बोळ. बोळात सकाळी बाया भांडी घासत बसायच्या. त्यांच्याशी बोलता बोलता कुसुमबाईची भांडी कधी घासून व्हायची ते तिला कळायचं नाही.

घर लहान आहे, पण मागं-पुढं मोकळं आहे, असं तिनं चिचगडला जाऊन आईला सांगितलं होतं.

ते मोकळं फार दिवस टिकलं नाही. गुलाब मिस्त्री म्हणून नामी होता. हायवेवर बंद पडलेली जीप असो की धानाच्या बांधीत रुतलेला ट्रॅक्टर, नुसत्या आवाजावरून तो रोग ओळखायचा. पण त्याच्या गॅरेजात शिरलेली वस्तू सहसा बाहेर पडायची नाही. गाडी दुरुस्त होऊन जायची, तिचा काढलेला जुना पार्ट मागं राहायचा. मालकाचा माल आहे, त्याला विचारून टाकू, असं तो म्हणायचा, आणि मालक काही जुना पार्ट विचारायला यायचा नाही. कोणी स्कूटर लावून जायचा तो पुन्हा फिरकायचा नाही. घासलेले टायर, मेलेल्या बॅटऱ्या, जळक्या तेलाचे ड्रम, तेलकट चिंध्यांची पोती. गॅरेज भरलं तसं सामान आंगणात आलं. पावसानं गंजू नये म्हणून गुलाबनं आंगणावर टिना टाकल्या आणि घरातून आभाळ दिसायचं बंद झालं.

२००३ मध्ये प्रतापगडाकडच्या पुनाराम नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या जीपला दुसरं इंजिन बसवून घेतलं. जुनं इंजिन बांधून ठेव, नेतो, असं सांगून तो गेला. गुलाबनं ते माणसं लावून उचललं आणि आंगणात नेमकं दाराला टेकवून ठेवलं. त्याच्यावर गिअरबॉक्स, बाजूला ट्रकचे टायर.

"दार बंद झालं ना जी," कुसुमबाई म्हणाली.

"थोड्या दिवसाची गोष्ट हाय. पुनारामभाऊ येऊनच राहिला घ्याले."

पुनारामभाऊ आला नाही.

गुलाब असा का होता हे कुसुमबाईला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तिला फार बोलता येत नव्हतं. लग्नाच्या आधी तो गोंदियाच्या एका गॅरेजात काम शिकत होता. तिथून एक दिवस कार्बोरेटर नाहीसा झाला. कामाला बरेच जण होते, पण पोलीस ठाण्यात नेलं ते एकट्या गुलाबला. तो कोणत्या वस्तीतला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेवढं पुरलं. मग तो कार्बोरेटर मालकाच्याच गाडीच्या सीटखाली सापडला आणि गुलाबला सोडून दिलं. कोणी काही बोललं नाही. "चल, काम पे लग जा," एवढंच मालक म्हणाला. गुलाब कामाला लागलाही. पण पुढं स्वतःचं गॅरेज टाकल्यावर एक वाक्य त्याच्या तोंडी कायमचं बसलं. "माझ्या गॅरेजातून कोणाचा नटही जात नाही." गिऱ्हाईकं ते वाक्य एकमेकांना कौतुकानं सांगायची. गाडी दहा दिवस सोडून जायचं असेल तर लोक गुलाबकडेच सोडायचे.

नट जाऊ नये म्हणून कुलूप. पार्ट आणायला गोंदियाला किंवा रस्त्यावर बिघडलेल्या गाडीवर जायचं असलं की गुलाब शटर खाली ओढायचा आणि बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा. आतून त्या शटरला काहीच सोय नव्हती. मुलं शाळेत, आणि कुसुमबाई आत.

"मी हावो ना घरात. राहू द्या उघडं," सुरुवातीला ती म्हणायची.

"तू एकटी. कोणी घुसला अन माल नेला त करशीन काय? मंग विचारतीन कोणाले? मलेच विचारतीन."

तो दुष्ट माणूस नव्हता, हेच अवघड होतं. परत येताना तिच्यासाठी कागदात बांधून गरम आलूबोंडे आणायचा. तिच्यावर हात उचलणं दूर, त्यानं कधी आवाजही चढवला नाही. शटर वर गेलं की उजेड एकदम आत यायचा आणि तो हसत म्हणायचा, "घे, खा." आणि ती खायची. दिवसभर शटरच्या खालच्या फटीतून येणाऱ्या पट्टीएवढ्या उजेडात तांदूळ निवडायची, ट्रकांचे आवाज ऐकायची. भरलेला ट्रक कोणता आणि रिकामा कोणता हे तिला बसल्या जागी कळायला लागलं होतं. त्या ज्ञानाचा तिला काही उपयोग नव्हता.

२००४ च्या उन्हाळ्यात गुलाब असाच गोंदियाला गेलेला असताना कोणीतरी शटर वाजवलं. बाजूचा पानठेलेवाला होता. चिचगडहून त्याच्या फोनवर निरोप आला होता.

"कुसुमबाई, तुमची माय गेली जी. दुपारून माती हाय म्हणत होते."

फटीतून त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. कुसुमबाई शटरजवळ खाली बसली. पानठेलेवाला बाहेर घुटमळला. मग म्हणाला, "कुलूप तोडू का? सब्बल आहे माझ्याजवळ."

तोडा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. आणि तिला सगळा माल दिसला. लोकांच्या स्कूटरी, लोकांची इंजिनं, खोक्यात ठेवलेले लोकांचे पार्ट. ती चिचगडला गेली आणि शटर तुटलेलं राहिलं, तर?

"नको," ती म्हणाली. "येतच असतील ते."

गुलाब दिवेलागणीला आला. दोघं मोटरसायकलवर चिचगडला पोचली तेव्हा माती होऊन माणसं आंघोळी करून ओसरीत बसली होती. येताना जंगलातल्या रस्त्यात गुलाबनं गाडी थांबवली आणि कडेला बसून रडला. "मागलं दार मोकळं करतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच चार टायर हलवले. तेवढ्यात एक ट्रक आला, त्याचा माल उतरवायला जागा लागली, आणि टायर होते तिथं गेले.

कुसुमबाईनं तो विषय पुन्हा काढला नाही. गुलाबला तिनं माफ केलं होतं की नव्हतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रात्रंदिवस तिला आठवायचा तो स्वतःचाच शब्द. नको. कुलूप गुलाबचं होतं, पण तो शब्द तिचा होता.

वर्षं गेली. लोकेश नागपुरात कंपनीत लागला. रंजिताचं लग्न होऊन ती कामठ्याला गेली. पहिलं बाळंतपण झाल्यावर लेकराला घेऊन आली, तर रांगता रांगता त्याचा हात गंजक्या पत्र्यानं फाटला. टाके पडले. त्यानंतर रंजिता एकटीच यायची आणि सकाळची आली की संध्याकाळची परत जायची. सामान आता खोलीतही शिरलं होतं. खाटेपासून शटरपर्यंत जायला एका माणसाची आडवी वाट उरली होती. गुलाबची नजर कमी झाली, काम कमी झालं, तरी माल कमी झाला नाही. उलट एखादी वस्तू हातात घेऊन ती कोणाची होती हे आठवत बसणं, हेच त्याचं काम झालं.

देवरीला नगरपंचायत झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. डासांच्या शोधात नगरपंचायतीची माणसं घरोघर फिरायला लागली. त्यांच्यात स्वच्छतेच्या कामावर देखरेख करणारी मंजू नावाची बाई होती. तिशी ओलांडलेली, शेतकऱ्याच्या घरातली, अंगात खाकी कोट, बोलणं अर्धं हिंदी. तिनं गॅरेजातल्या एका टायरमध्ये वाटी बुडवली आणि गुलाबसमोर धरली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हे पाहा काका. मोहल्ल्यात बुखार इथून जाऊन राहिला."

"टायर लोकाईचे आहेत," गुलाब म्हणाला.

"मच्छर तुमचे आहेत ना?"

तिनं नोटीस लिहिली. दिवाळीच्या आत गॅरेज साफ करायचं, नाही तर दंड. सोबत एक छापील कागद दिला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. लोखंड, पत्रा भंगारवाल्याला. बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात परत. जळकं तेल आणि तेलकट चिंध्या घातक कचरा, तो नाल्यात नाही, घंटागाडीत नाही, परवाना असलेल्याच गाडीला द्यायचा. टायर जाळायचे नाहीत. गुलाबनं कागद हातात घेतला आणि जीपच्या काढून ठेवलेल्या जुन्या सीटवर बसून राहिला. आतल्या खोलीच्या दारात उभी असलेली कुसुमबाई आडव्या वाटेनं पुढं आली.

"याच्यात मागलं आंगणही येते का, बाई?"

"सगळंच येते, मावशी. कायले?"

"काही नाही," कुसुमबाई म्हणाली. इतक्या वर्षांत जे तिला सांगता आलं नव्हतं, ते सरकारी कागदावर छापून आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. साडीचा काष्टा घालून तिनं पत्रे एकीकडं, लोखंड एकीकडं लावलं. प्लॅस्टिकचे डबे धुतले. टायरमधलं पाणी उपसून टाकलं. गुलाब तिच्या मागं मागं फिरायचा. तिनं ढिगात टाकलेली वस्तू तो उचलून पाहायचा आणि म्हणायचा, "हा सालेकसाच्या मास्तरचा आहे," आणि परत फळीवर ठेवायचा. तो झोपला की ती पुन्हा ढिगात टाकायची.

मग छोटेलाल भंगारवाला आला. त्यानं हातगाडी बाहेर लावली, आत डोकावला आणि खुशीत म्हणाला, "बाई, सब एकसाथ उठा लेता हूँ. बॅटरी, तेल, टायर, सगळं. शामपर्यंत खाली करून देतो."

"तेलाचं काय करशीन?" तिनं विचारलं.

"नाला कशाले आहे? और टायर जला देंगे, तार निकल आता है."

कागदावर काय लिहिलं आहे ते कुसुमबाईला पाठ झालं होतं. पण ‘शामपर्यंत’ हा शब्द तिच्या कानात बसला. संध्याकाळपर्यंत आंगण रिकामं. संध्याकाळपर्यंत दार. "उचल," ती म्हणाली.

छोटेलालनं पहिल्या ड्रमला हात घातला, तसा गुलाब सीटवरून उठला. बऱ्याच दिवसांनी त्याचा आवाज मोठा होता.

"ठेव खाली. कायदा आहे. घातक कचरा परवानावाल्यालेच द्याचा. हे पाय, लिहून आहे."

त्याच्या हातात मंजूचा कागद होता. छोटेलालनं कुसुमबाईकडं पाहिलं, खांदे उडवले, आणि नुसता पत्रा घेऊन गेला.

त्या दिवसापासून गुलाबला त्या कागदाचा उपयोग सापडला. कायद्यानं टाकायचं तर कायद्यानंच टाकू. स्कूटरी बेवारस आहेत? मग पोलिसांत कळवल्याशिवाय हलवता येत नाहीत. बॅटऱ्या दुकानदारानं घ्यायच्या आहेत? मग तो नेईपर्यंत नीट झाकून ठेवल्या पाहिजेत. गळक्या टिनांखाली तेलाचे ड्रम पावसात नको, उन्हात नको, म्हणून त्यानं ते आंगणातून काढून खोलीत, कुसुमबाईच्या खाटेशेजारी आणून ठेवले. नियम पाळून राहिलो ना, असं तो तिला शांतपणे म्हणायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दिवाळी जवळ आली. घर आधीपेक्षा जास्त भरलं. जळक्या तेलाचा वास तिच्या केसांना, भाताला, पांघरुणाला लागला. ज्या कागदाचा तिनं एवढा आधार धरला होता, त्याचीच गुलाबनं भिंत बांधली होती.

एक दिवस भात रांधता रांधता तिला झाकणाखालूनही तेलाचाच वास आला. मग तिनं गॅस बंद केला, पायात चपला घातल्या, गुलाबच्या समोरून शटरखालून बाहेर पडली आणि नगरपंचायतीच्या कार्यालयात गेली. वाट विचारत गेली. इतकी वर्षं देवरीत राहून तिला तो रस्ता ठाऊक नव्हता.

मंजू डबा खात होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काकांचं बरोबर आहे, मावशी. तेलाची गाडी नागपूरहून येते. पण दोन-तीन ड्रमसाठी ते नाही येत. ज्यादा माल असला तर येतील."

"कोणाजवळ असेल अजून?"

मंजू हसली. "रस्त्यानं किती गॅरेज आहेत, मोजा. सगळे नाल्यात ओतून राहिले. मी सांगून थकली."

"मी सांगतो," कुसुमबाई म्हणाली.

कसं सांगायचं हे तिला माहीत नव्हतं. ती हायवेनं चालत निघाली. पहिल्या गॅरेजातून ती नुसती पाणी पिऊन परत आली. दुसऱ्या गॅरेजातला मिस्त्री गुलाबचा जुना ओळखीचा, उदाराम. त्यानं तिला आपादमस्तक पाहिलं.

"गुलाबभाऊची बाई? मले त वाटे, भाऊ एकटाच राहते."

कुसुमबाईला ते लागलं. एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर ती सतरा वर्षं राहत होती. पण लागलं म्हणूनच की काय, पुढचं तिला बोलता आलं. "एकटा नाही राहत. मी आतमधी राहतो. तेलाच्या ड्रमापाशी झोपतो. तुमी तुमचं तेल नाल्यात नका ओतू, महिनाभर जमा करा. गाडी येईल, तुमचंही घेऊन जाईल."

उदारामला हो म्हणायला काही कष्ट नव्हते. त्यानं पुढच्या गॅरेजवाल्याला फोन लावून दिला. काही जणांनी टाळलं, एकानं वेड्यात काढलं. पण ती रोज एक फेरी मारायची. गुलाबनं तिला एकदा विचारलं, "कोठी जाऊन राहिली?" "तुमच्या कायद्याच्याच कामाले," ती म्हणाली. पोलीस ठाण्यात स्कूटरींची माहिती द्यायलाही तीच गेली, कारण त्या इमारतीच्या फाटकाशी गुलाबचे पाय थांबायचे हे तिला ठाऊक होतं.

दिवाळी गेली. मंजूनं दंड लावला नाही, मुदत वाढवली. धान कापणी आटोपता आटोपता नागपूरची गाडी आली आणि सगळ्या रस्त्याचे ड्रम घेऊन गेली. बॅटऱ्या दुकानात गेल्या, टायर नगरपंचायतीनं उचलले, स्कूटरी ठाण्यात जमा झाल्या. आंगणात उरलं ते पुनारामचं इंजिन.

त्याला मात्र गुलाब हात लावू देईना. "हा बेवारस नाही. मालक माहीत आहे. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी नाही देत." त्याच्याजवळ नंबर नव्हता, गावाचं नाव होतं.

कुसुमबाई सकाळच्या बसनं निघाली. कोहमाऱ्याच्या फाट्यावर बस बदलून, अर्जुनीहून पुढं काळीपिवळीत बसून प्रतापगडाच्या अलीकडच्या त्या गावी उतरली. तलावाच्या पाळीवरून गेलं की समोरच पुनारामचं घर. आंगणात एक म्हातारी लाखोळीची डाळ वाळत घालत होती. पुनारामची बायको, कुंदाबाई. पुनाराम जाऊन आठ वर्षं झाली होती.

"देवरीच्या गुलाब मिस्त्रीची बाई मी. तुमच्या जीपचं इंजिन आमच्याकडं आहे. नेता का, की भंगारात देऊ, ते विचाराले आलो."

कुंदाबाईला आधी काही उमजेना. मग ती खळखळून हसली.

"अवो माय, ते आहे अजून? आमच्यावाले त तेव्हाच म्हनत, गेलं ते. मिस्त्रीनं इकून खाल्लं असन म्हनत. जाऊ दे, गरीब आहे, खाऊ दे. म्हनूनच त कधी गेले नाही आनाले." तिनं कुसुमबाईचा हात धरून ओट्यावर बसवलं. "एवढ्यासाठी आली तू इतकी दूर? चहा घे. टाका भंगारात. जीपही नाही राहिली आता."

तिच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. उलट आपल्या नवऱ्याचं मन किती मोठं होतं, हेच ती सांगत होती. कुसुमबाईनं चहा घेतला. गोड होता. सतरापैकी तेरा वर्षं ते इंजिन दाराला टेकलेलं होतं. त्याच्यामुळं ती आईच्या मातीला पोचली नव्हती. आणि ज्याचं ते होतं, त्यानं पहिल्याच वर्षी गुलाबला चोर समजून माफही करून टाकलं होतं.

परतीच्या बसमध्ये तिला राग येत होता, पण तो कोणावर ठेवावा हे सापडत नव्हतं. पुनारामवर ठेवावा तर तो मेलेला. गुलाबवर ठेवावा तर तिला गोंदियाच्या ठाण्याबाहेर उभा असलेला, मिसरूड न फुटलेला गुलाब दिसायचा. तिनं त्याला तसा कधी पाहिलाही नव्हता.

ती घरी आली तेव्हा गुलाब शटरमध्ये वाट पाहत उभा होता.

"भेटला का पुनारामभाऊ?"

"वारले ते. बाई भेटली. देऊन टाका म्हणाली भंगारात."

गुलाबनं तिच्या हातातली पिशवी घेतली. मग त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का?"

कुसुमबाईनं चपला काढल्या, हात-पाय धुतले.

"म्हणाली, बसा. चहा पाजला," ती म्हणाली. "म्हणाली, एवढ्यासाठी कोण येते इतक्या दूर."

गुलाबचा चेहरा हळूहळू सैल झाला. "पाहा," तो म्हणाला. "म्हनतच होतो मी."

इंजिन दुसऱ्या दिवशी गेलं. छोटेलालनं दोन माणसं आणली होती. दार गंजून चौकटीला धरलं होतं. गुलाबनंच बिजागऱ्यांना डिझेल सोडलं, थांबला, मग फटीत लोखंडी टॉमी घालून हिसका दिला. दार किरकिरत निम्मं उघडलं. बोळात नगरपंचायतीनं नाली बांधून वर फरशा टाकल्या होत्या. घरोघरी नळ आले होते, भांडी घासायला कोणी बाहेर बसत नव्हतं. कुसुमबाई उंबऱ्यात उभी राहिली. समोरच्या घरातली सून दारात आली, तिच्याकडं अनोळखी नजरेनं पाहून आत गेली. एवढ्या वर्षांत त्या घरात सून आली, तिला लेकरं झाली, हे कुसुमबाईला कुठं माहीत होतं. तिनं हळूच दार लोटून घेतलं. पण त्याला लावायचं कुलूप तिनं स्वतः बाजारातून आणलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःजवळ ठेवल्या. गुलाबनं मागितली नाही.

रिकाम्या गॅरेजात गुलाबचं मन रमेना. तो मधेच उठून फळ्यांवरून हात फिरवायचा. दोन वर्षांनी त्याचं उजवं अंग गेलं. पुढची जागा एका मोबाईलवाल्याला भाड्यानं दिली. गुलाबला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं कुसुमबाईवर आलं. मोबाईलवाला, लोकेश, मंजू, सगळे म्हणायचे, चार दिवस लेकीकडं जाऊन ये. उघडं आहे की आता सगळं. ती हो म्हणायची आणि राहायची.

शेवटी एका हिवाळ्यात लोकेशनं रजा काढली, बापाजवळ बसला आणि तिला जबरदस्तीनं कामठ्याच्या गाडीत बसवून दिलं. रंजितानं तिला खोली दिली, नवी चादर घातली. नातू अंगाखांद्यावर खेळला. रात्री जेवणं झाल्यावर रंजिता तिच्या शेजारी आडवी झाली.

"माय, आता आठ दिवस रायजो. कोणी अडवून नाही राहिलं तुले."

"नाही," कुसुमबाई म्हणाली.

तिनं अंगावर चादर घेतली आणि डोळे मिटले. बाहेर कुठं ट्रकचा आवाज नव्हता, मोठा रस्ता तिथून दूर होता. तिला झोप लागेना. लोकेशला बापाला कुशीवर वळवता येत नाही, हे तिला दिसत राहिलं. गुलाबला उजव्या गालात घास अडकतो, तो बोटानं काढावा लागतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. पहाटे रंजिता उठली तेव्हा आई पिशवी भरून पायरीवर बसलेली होती.

"काऊन वो माय?"

"सकाळची बस आहे," कुसुमबाई म्हणाली.

रंजितानं वाद घातला नाही. तिनं चहा टाकला, नातवाला उठवून आजीच्या पाया पडायला लावलं आणि स्टँडपर्यंत सोबत आली. बस लागली. कुसुमबाई खिडकीजवळची जागा पाहून बसली आणि गाडी हलेपर्यंत लेकीला सांगत राहिली, की पुढच्या वेळी येताना लेकराला घेऊन ये, आता घरात लागण्यासारखं काही नाही.